आधी ज्वारी, मग येळवस

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेला, गंगाखेड, पालम, सोनपेठच्या बाजूलाही येळवस शेतातच होते. या सणाला काय काय लागतं याची एकदा यादी करून पाहावी. शेतात पूजेची कोप उभी करायला कडबा लागतो. भज्जीला हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, तुरीचे आणि वालाचे ओले दाणे, चिंच लागते. उंड्यांना आणि आंबिलीला ज्वारी-बाजरीचं पीठ आणि ताक लागतं. ताकाला दुभतं जनावर हवं, आणि जनावराला पुन्हा कडबाच. यातलं बहुतेक सगळं पूर्वी त्याच शेतातून निघत असे. आता सोयाबीन काढून मोकळ्या पडलेल्या रानात येळवस करायची तर कडबा दुसऱ्या गावाहून, पाला बाजारातून आणि ताक पिशवीतून येतं. सण होतो, पण शेताशी त्याचा संबंध पंगतीला बसण्यापुरता उरतो. म्हणून जमीन, रीतिरिवाज आणि गाव यांचं पिढ्यांचं नातं पुन्हा जोडावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सणापासून, सप्त्यापासून किंवा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात करू नये. पिकापासून करावी. परभणीपुरतं बोलायचं तर ते पीक म्हणजे रब्बी ज्वारी, आणि हे भावनेपोटी केलेलं विधान नाही. त्यामागे शेतीचाच हिशोब आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन चार महिने पाऊस पिते आणि पुढचे चार महिने ती ओल धरून ठेवते. या साठ्यावर, वरून पाणी न देता येणारं पीक म्हणून इथे ज्वारी रुजली. गेल्या काही दशकांत तिची जागा आधी कापसाने आणि मग सोयाबीनने घेतली. जायकवाडीच्या आणि निम्न दुधनेच्या पाण्याखालच्या पट्ट्यात ऊस आला. सोयाबीनकडे वळलेला शेतकरी चुकला असं म्हणणं अन्यायाचं होईल. शंभर दिवसांत पीक निघतं, दिवाळीच्या तोंडावर पैसा हातात येतो, काढणी-मळणीला यंत्रं मिळतात. पण या पिकाने गावच्या वेळापत्रकाचं काय केलं याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. मूग, उडीद, तूर, ज्वारी, करडई, हरभरा, जवस अशी पिकं शिवारात होती तेव्हा कामं पुढेमागे येत. एकाचा मूग तोडायला आला तेव्हा दुसऱ्याची तूर अजून फुलात असे. त्यामुळे सावड शक्य होती: आज तुझ्या रानात, परवा माझ्या. वारंगुळ्याने बैल आणि माणसं फिरत. सगळ्या शिवारात एकच पीक, एकाच आठवड्यात पेरलेलं, एकाच आठवड्यात काढायला आलेलं आणि वर परतीचा पाऊस डोक्यावर, अशा वेळी शेजाऱ्याच्या मदतीला जाणार कोण? माणसं स्वार्थी झाली म्हणून सावड मोडली, असं पारावर ऐकू येतं. मला ते निदान अर्धवट वाटतं. माणसं बदलण्याच्या आधी पीकपद्धती बदलली होती.

ज्वारीचं वेगळेपण असं की ती एकट्यादुकट्याला नीट घेताच येत नाही. चहूकडे मोकळं रान आणि मधे एकाच्या एकरभर ज्वारीची कणसं भरली, तर पंचक्रोशीतली पाखरं त्याच तुकड्यावर उतरतात. मग तो शेतकरी पुढच्या वर्षी ज्वारीचं नाव घेत नाही. दहा-बारा जणांचे तुकडे लागून असले तर नुकसान विभागलं जातं, राखणीला पाळ्या लावता येतात, माळा एक पुरतो. रोही आणि रानडुकरांचंही तसंच. बियाण्याचीही हीच गत आहे. ज्वारीत परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं, पण थोडं शेजारूनही होतं. बांधाला लागून दुसरं वाण असेल तर काही वर्षांत जातिवंतपणा बिघडतो, म्हणून वाण कोणतं घ्यायचं हे शेजाऱ्याशी बोलूनच ठरवावं लागतं. काढणी तर हातांचंच काम आहे: ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, गंजी रचायची. म्हणजे एकोपा हा इथे भाषणाचा विषय राहत नाही, उताऱ्याचाच एक भाग होतो. आपले पूर्वज आपल्यापेक्षा मनाने थोर होते असं मानायची गरज नाही. ते ज्वारी पेरत होते, एवढं पुरे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळी जमीन बदलायला निघू नका. एका शिवारात लागून जमिनी असलेली आठ-दहा घरं शोधा आणि प्रत्येकी एक एकर, फार तर दीड एकर यासाठी ठरवा. जमीन खोल काळी हवी. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात किंवा गंगाखेडच्या बालाघाटातल्या हलक्या मुरमाड जमिनीत रब्बी ज्वारीचा हट्ट धरू नका. तिथे खरिपात मूग, उडीद, तूर आणि खरीप ज्वारीचं मिश्रपीक घ्यावं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं खरीप वाण त्याच कामाचं आहे. खोल जमिनीत जूनमध्ये मूग किंवा उडीद पेरला तर ऑगस्टअखेर रान मोकळं होतं, जमिनीला नत्र मिळतं आणि ज्वारीला वेळ सापडते. सोयाबीनच्या मागे ज्वारी घ्यायची तर बहुधा उशीर होतो आणि ओलही सरते. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान, ओल पाहून. एकरी चार किलो बियाणं पुरतं. वाणांत ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी सुपर मोती’ ही विद्यापीठाची रब्बी वाणं खात्रीची आहेत, हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ आहे. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, विद्यापीठात रब्बीचा मेळावा भरतो. गटातल्या दोघा-तिघांनी तिथे जाऊन सगळ्यांसाठी बियाणं आणावं. पेरण्याआधी काणी रोगासाठी किलोला 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळावं आणि नंतर अ‍ॅझोटोबॅक्टर लावावं. कुणाकडे घरचं जुनं वाण टिकून असेल तर ते वेगळ्या तुकड्यात, इतरांपासून लांब पेरावं. जुनं ते सगळं सरस असतं असं नाही, पण एकदा गेलं की मिळत नाही.

ज्वारीसोबत करडई घ्यावी. सहा ओळी ज्वारीच्या आणि तीन करडईच्या, ही शिफारस तिफणीच्या मापातच बसते: दोन फेरे ज्वारीचे, तिसरा करडईचा. बैलतिफण असेल तर या वर्षी तीच वापरा, आणि चाड्यावर मूठ धरायला गावातल्या जाणत्या माणसाला किंवा बाईला बोलवा. लाकडी चाड्याच्या तळाला तीन भोकं असतात, त्यांतून तीन नळ्या फणांमागे उतरतात. मुठीतले दाणे अंगठ्याने असे सरकवायचे की तिन्ही भोकांत सारखे पडावेत. बोटं सैल पडली की ओळ दाट होते, मूठ आखडली की नांग्या पडतात, आणि हे सगळं बैलांच्या चालीवर, ढेकळांतून चालता चालता. एखाद्याच ओळीत दुसरं बी घालायचं असेल तर त्या भोकात बोळा बसवून मागून मोघा धरतात. बऱ्याच गावांत हे कसब आता साठी ओलांडलेल्या मोजक्या हातांत आहे. त्यांच्यासोबत दोन तरुण चालले तर ते एका हंगामात पुढे जाईल. सत्काराची शाल देऊन जाणार नाही. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र वापरायचं असेल तर बेलाशक वापरा, त्याने काही बाटत नाही. बांधाकडेने करडईच्या काटेरी ओळी तेवढ्या ठेवा, जनावर आत शिरत नाही.

बियाणं घरचं ठेवणं हा या सगळ्याचा कणा आहे, आणि त्यात घाई करून चालत नाही. काढणी झाल्यावर राशीतून मूठ भरून ठेवणं म्हणजे बियाणं ठेवणं नव्हे. पीक उभं असतानाच, दाणा पक्का होत आला की तुकड्याच्या मधल्या भागात फिरून, निरोगी ताटाची, गच्च भरलेली, एकसारखी कणसं निवडून त्यांना सुती दोरा बांधा. बांधाकडची घेऊ नका. ती वेगळी मोडा, सावलीत सुकवा, हाताने झोडपा, आणि राख व कडुलिंबाचा सुकलेला पाला मिसळून हवाबंद डब्यात किंवा मडक्यात भरा. पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पंचाहत्तर उगवले तर बियाणं चांगलं समजा. गटाची एक सामाईक कोठी करून सवाईने बियाणं द्या, म्हणजे चार किलो नेलं तर पाच किलो परत. सावकाराची सवाई बदनाम होती, पण इथे वाढलेला किलो गावाच्याच कोठीत पडतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती ग्रामपंचायतीत मागून पाहा. पुष्कळदा ती कुणीतरी बाहेरच्याने एका बैठकीत भरलेली असते. तुमची वाणं, गवतं, जनावरं, त्यांचे उपयोग आणि ते सांगणाऱ्या माणसांची नावं त्यांच्या संमतीने ग्रामसभेत त्यात लिहून घ्या.

जनावरांबद्दल थोडक्यात. लाल कंधारी आणि देवणी या आपल्या भागातल्या जाती ज्वारीच्या कडब्यावर वाढल्या. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही, म्हणून ज्वारी गेली तसे बैलही गेले, आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळण कित्येक घरांत मातीच्या बैलांवर उरकली जाते. प्रत्येक घराने पुन्हा जोडी पाळावी हे परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. आठ-दहा घरांत दोन जोड्या, वारंगुळ्याने, कोळपणीपुरत्या असल्या तरी शेणखताची सोय होते. रासायनिक खत पहिल्याच वर्षी पूर्ण बंद करण्याची शपथ कुणी घालत असेल तर तीही घेऊ नका. उतारा एकदम घसरला की गट फुटतो. शेणखत, मुगाचा बेवड आणि विद्यापीठाच्या ‘बायोमिक्स’सारखी जैविक निविष्ठा यांच्या जोरावर खताची मात्रा दरवर्षी थोडी उतरवत न्यावी.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला भावाचा. 1984 मध्ये शेतकरी संघटनेचं अधिवेशन परभणीतच भरलं होतं, आणि संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी आयुष्यभर मांडलेला मुद्दा हाच होता की शेतकऱ्याला उपदेश नको, घामाचा दाम हवा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला, मालदांडी ज्वारीचा 3,749. मग ज्वारी कोण पेरणार? याला दोन उत्तरं आहेत. एक, हमीभाव आणि बाजारभाव यांत अंतर असतं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीन बाजारात हमीभावाच्या बरंच खाली विकलं गेलं, हे कुणाला सांगायला नको. दुसरं आणि महत्त्वाचं, हा एकर मुळात विकण्यासाठी नाहीच. त्यातून घरची वर्षाची भाकरी, जनावरांचा कडबा, करडईचं तेल आणि शेजारच्या ओळींतला हरभऱ्याचा पाला निघतो, म्हणजे जे बाजारातून विकत घ्यावं लागतं ते. किराण्याचा आणि चाऱ्याचा खर्च मांडून मगच ज्वारीचा हिशोब करावा. शरद जोशींच्या मुद्द्याला यातून छेद जात नाही. उरलेल्या जमिनीतल्या पिकांच्या भावासाठी भांडायचंच आहे. याच कारणाने मी देशी कापसापासून सुरुवात करा असं म्हणत नाही. गावरानी कापूस ही या मातीची जुनी ओळख, परभणीच्या महेबूब बाग केंद्राने त्याची चांगली वाणं दिली आहेत, तुडतुडे आणि दुष्काळ तो बऱ्यापैकी सोसतो, आणि 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर त्याची आठवण अनेकांना झाली. पण कापूस खाता येत नाही. वेगळी जिनिंग आणि ठरलेला गिऱ्हाईक नसेल तर तो बाजारात इतर कापसात मिसळून मातीमोल होतो.

असे प्रयोग आपल्या आसपास झालेलेही आहेत. आपल्यासारख्याच एकेकाळी निजामाच्या राजवटीत असलेल्या, तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित महिलांच्या संघमांनी, म्हणजे गटांनी, पडीक जमिनी कसून ज्वारी पिकवली. त्यासाठी मिळालेलं कर्ज त्यांनी धान्याने फेडलं, ते धान्य गावातच साठवलं आणि गावातल्याच गरिबांना स्वस्तात दिलं. संक्रांतीच्या सुमाराला तिथे बियाण्यांनी सजवलेल्या बैलगाड्या गावोगाव फिरतात. क्रम लक्षात घ्या: आधी जमीन आणि धान्य, मग मिरवणूक. धाराशिव-लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या निर्णयाने खाण्याच्या पिकांसाठी मागून घेतला आणि दुष्काळाच्या वर्षांतही त्यात घरापुरतं पिकवलं. दोन्ही कामांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, स्वयं शिक्षण प्रयोगाला 2016 मध्ये आणि संघमांना 2019 मध्ये. दोन्हीकडे काम पेललं ते बायकांनी आणि भूमिहीन किंवा अल्पभूधारकांनी. ज्यांच्या घरात आधीपासून मान होता त्यांच्याकडून सुरुवात झाली नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. पूर्वजांचं नातं म्हणता, पण कोणाच्या पूर्वजांचं? खळ्यावर बलुतं मोजून घेणाऱ्यांतल्या कित्येकांना त्या संस्कृतीत जागा होती ती वेशीबाहेर. पाडव्याला साल ठरवून वर्षभर राबणाऱ्या सालगड्याचं मातीशी नातं कुणापेक्षा कमी नव्हतं. सातबारा मात्र दुसऱ्याचा होता. बाईने मोघा धरला, खुरपलं, बी जपलं, आणि जमीन नवऱ्याच्या नावावर राहिली. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि त्याचं उत्तर गोड शब्दांत देता येत नाही, नियमांत द्यावं लागतं. गट बांधतानाच ते लिहून घ्या. मजुरी रोख आणि रोजच्या रोज. धान्यावर बोळवण नाही. सावड फक्त जमीनवाल्यांची आपसात. भूमिहीनाला सावडीच्या नावाखाली फुकट राबवायचं नाही. गायरान कसणारी दलित आणि पारधी कुटुंबं, तांड्यावरची घरं यांना गटात पूर्ण सभासदत्व, आणि बियाण्याच्या कोठीची किल्ली शक्यतो त्यांच्यातल्या किंवा बायकांच्या हातात. गायरानावरची जुनी अतिक्रमणं कायम करण्यासाठी मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्यांनी मोठा लढा दिला; त्या जमिनीवर ‘गावाचं कुरण परत आणू’ म्हणून डोळा ठेवणाऱ्या गटात सामील होऊ नका, नाव कितीही पर्यावरणाचं असलं तरी. निदान या एका एकरावर पत्नीचं नाव लावा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच तो रस्ता घालून दिला आहे. येळवशीच्या कोपीत एकच पंगत बसते की नाही, यावरून तुमचा गट कुठे पोचला ते कळेल. आणि हा वारसा एकट्या हिंदू पंचांगाचा नाही. परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, नेमका ज्वारी काढणीला येते तेव्हा. जिल्हाभरची माणसं तिथे जमतात. बियाण्याची देवघेव करायला याहून चांगली जागा कोणती?

मजुरीचा प्रश्न राहतोच. ज्वारी सोडण्याचं खरं कारण अनेकांना विचारलं तर ते भाव सांगत नाहीत, काढायला माणूस मिळत नाही असं सांगतात. तो माणूस त्या वेळी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतो. दसऱ्यानंतर गेलेलं कोयतं पाडव्याच्या आसपास परततं. येळवस, संक्रांत, हुरडा, सगळा रब्बी हंगाम त्याच्यावाचून जातो. आठ-दहा एकर ज्वारीने हे स्थलांतर थांबेल असा दावा कुणी करू नये. ऊसतोडीची आगाऊ उचल एवढी मोठी असते की फेब्रुवारीतल्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीशी तिची बरोबरी नाही. पण गावात राहिलेल्यांपुरता विचार केला तर गटाचं शिवार लागून असल्याने एकच टोळी सलग काम करू शकते, मळणीयंत्र एकदाच आणावं लागतं, आणि तुकडे पाच-सात दिवसांच्या अंतराने पेरले तर सगळ्यांची काढणी एकाच वेळी अंगावर येत नाही. ताटं हाताने उपटण्याचा हट्टही नको. विळ्याने जमिनीलगत कापली तर कडब्यात थोडी घट येते, कंबर मात्र वाचते.

कडब्याचं काय करायचं ते पेरणीआधीच ठरवा, कारण भांडणं दाण्यावरून होत नाहीत, कडब्यावरून होतात. मार्च-एप्रिलमध्ये व्यापारी बांधावर येऊन शेकड्याचा भाव सांगतो आणि गट तिथेच डळमळतो. आधी गटातल्या जनावरांना वर्षभर पुरेल एवढा बाजूला काढावा, मग भूमिहीन सभासदांच्या शेळ्या-म्हशींचा वाटा, आणि उरलेला गटाच्या नावाने एकत्र विकावा. त्या पैशातून राखणीची आणि मळणीयंत्राची रक्कम फेडावी. डिसेंबरच्या कोपीसाठी म्हणून शे-दीडशे पेंढ्या गंजीच्या तळाला राहू द्याव्यात, ताडपत्रीखाली. पुढची ज्वारी तोवर हिरवीच असते.